धोट्यापासून नोझलपर्यंत

९ ऑक्टोबर २०१७ रोजी अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक रिचर्ड थेलर यांना जाहीर झाले. माणूस निर्णय घेताना हिशेबी यंत्रासारखा वागत नाही. सवय, कंटाळा, घाई, समोरची वस्तू कशी मांडली आहे यांवर त्याचे वागणे ठरते, आणि म्हणून मांडणी थोडी बदलली तरी वागणे बदलते, असे त्यांच्या कामाचे ढोबळ सार. कॅस सनस्टीन यांच्याबरोबर २००८ मध्ये लिहिलेल्या पुस्तकामुळे ‘नज’ हा शब्द, म्हणजे हलकेच ढोसणे, जगभरच्या सरकारी कचेऱ्यांत आणि कंपन्यांत रुळला होता. त्याच दिवसांत यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कापसावर फवारणी करून आलेली माणसे भरती होत होती. उलट्या, छातीत दाटून येणे, डोळ्यांपुढे अंधारी, काहींना दिसेनासे झालेले. मी दोन्ही बातम्या एकाच आठवड्यात वाचल्या. एकीचा दुसरीशी काही संबंध असेल असे तेव्हा मनातही आले नाही.

त्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे फवारणीच्या विषबाधेने दगावली, आठशेहून अधिक रुग्णालयात गेली. मृतांच्या कुटुंबांना दोन लाख रुपयांची मदत जाहीर झाली, अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले गेले. पऱ्हाटी त्या वर्षी डोक्याच्या वर गेली होती. शेंदरी बोंडअळीने बीटी वाणाला दाद देणे सोडले होते. दोन-तीन औषधे एकत्र कालवून मारली जात होती. बॅटरीवरचे नवे पंप बारीक धुके सोडत आणि ते धुके वरून तोंडावर उतरे. ही सगळी कारणे नोंदली गेली, छापूनही आली. पण सभांतून, बैठकांतून आणि चहाच्या टपरीवर सर्वांत जास्त वेळा ऐकू आलेले कारण एकच होते: मजुरांनी काळजी घेतली नाही. मास्क लावला नाही, हातमोजे घातले नाहीत, उपाशीपोटी फवारणी केली, वाऱ्याच्या दिशेने केली, तंबाखू खाल्ली. मग मास्क, मोजे आणि चष्म्याचे संच वाटण्यात आले. गावोगाव प्रबोधनाची गाडी फिरली.

यातले खोटे काहीच नव्हते. मजूर मास्क लावत नाहीत हे आमच्या शिवारात मी लहानपणापासून पाहतो आहे. ‘काळजी घेतली नाही’ हे वाक्य कारण म्हणून पुरेसे का वाटते, आणि ते आले कुठून, हा प्रश्न मला नंतर पडला. त्याचा माग काढताना मी शेतातून गिरणीत गेलो आणि पुन्हा शेतात आलो.

कामाच्या जागी माणूस कसा वागतो याचे शास्त्र कारखान्यात जन्मले. पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत हजारो बायका बारा-बारा तास राबत होत्या. थकव्याने उत्पादन घटते की काय, या काळजीपोटी तिथे संशोधन सुरू झाले. १९१९ मध्ये ग्रीनवुड आणि वुड्स यांनी या कारखान्यांतल्या अपघातांची आकडेमोड प्रसिद्ध केली: अपघात सगळ्यांत सारखे वाटले जात नाहीत, काही थोड्यांच्याच वाट्याला पुन्हापुन्हा येतात. त्यांची मांडणी सावध होती. पण पुढच्या सात-आठ वर्षांत त्यातून ‘अपघातप्रवण माणूस’ ही कल्पना उभी राहिली, आणि ती मालकांना सोयीची होती. यंत्र बदलण्यापेक्षा माणूस बदलणे स्वस्त पडते.

तिला आकड्याची जोड अमेरिकेत मिळाली. हर्बर्ट हाइनरिक हे ट्रॅव्हलर्स या विमा कंपनीत काम करत. १९३१ साली त्यांनी औद्योगिक अपघातांवर पुस्तक लिहिले आणि ७५,००० प्रकरणे तपासून सांगितले, की १०० पैकी ८८ अपघात कामगाराच्या असुरक्षित कृतीमुळे होतात, १० असुरक्षित परिस्थितीमुळे आणि उरलेले २ अटळ. हा ८८ चा आकडा पुढची अनेक दशके सुरक्षा अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात श्लोकासारखा म्हटला गेला. ती ७५,००० प्रकरणे मात्र विम्याच्या आणि कारखान्यांच्या दप्तरातली होती. अपघात झाला की मुकादमाने किंवा मॅनेजरने लिहिलेला कागद. त्या कागदावर ‘आमच्या यंत्राला जाळी नव्हती’ असे कोण लिहील? मला हाइनरिक खोटारडे वाटत नाहीत. यंत्राला संरक्षक कठडा बसवणे हाच पहिला उपाय असे तेही सांगत. पण त्यांच्या पुस्तकातून जगाने उचलला तो आकडा, कठडा नव्हे.

आता गिरणीकडे येऊ. वऱ्हाडचा कापूस आणि मुंबईची गिरणी यांचे नाते जुने आहे. लिव्हरपूलच्या बाजारात आपल्या कापसाला अमरावतीच्या नावावरून ‘ऊमरा’ म्हणत, तोच कापूस पुढे परळ-लालबागलाही गेला. मुंबईच्या विणकाम खात्यात साध्या मागावर कांडी संपली की विणकर धोट्यात नवी कांडी बसवी. मग धाग्याचे टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढायचे असे. ते काढण्याची रीत अशी, की भोकाला ओठ लावायचे आणि श्वास आत ओढायचा. धागा सुळकन बाहेर येई. दिवसातून कितीदा, याची गणतीच नव्हती. तोच धोटा पुढच्या पाळीचा विणकरही ओठांना लावी. लँकेशायरमध्ये हीच रीत होती, आणि क्षयापासून दात किडण्यापर्यंत तिच्याबद्दलच्या तक्रारीही होत्या.

मुंबईत तिला आपल्याकडचे वळण मिळाले. विणकाम खात्यातली मजुरी इतर खात्यांपेक्षा बरी होती, आणि त्या खात्यात अस्पृश्य कामगारांना घेतले जात नसे. कारण म्हणून हाच धोटा पुढे केला जाई: उष्टा धागा, विटाळ. १९२८ च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या गिरण्यांतल्या सुमारे दीड लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि सहा महिने चालला. संपाच्या मुळाशी कार्यक्षमतेच्या योजना होत्या. दोनऐवजी तीन माग सांभाळा, असे सांगणाऱ्या. म्हणजे कामाचे शास्त्र मुंबईच्या कामगाराच्या दारात आले ते वाढीव मागाच्या रूपाने. त्याच काळात डॉ. आंबेडकरांनी प्रश्न टाकला, की कामगारांच्या मागण्यांत विणकाम खात्याचे बंद दार का नाही? संपाच्या नेत्यांनी ते कलम मागण्यांत घेतले, पण आढेवेढे घेत.

इथे मला थबकायला होते. विणकर विटाळ मानत होते, म्हणजे त्यांचे मन बदलायला हवे होते, हे खरेच. बाबासाहेबांचे सारे आयुष्य त्यात गेले. पण हाताने ओवता येणारे धोटे जगात तेव्हाही होते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने तोंडाने ओढायच्या धोट्यावर १९११ मध्येच कायद्याने बंदी घातली होती. मुंबईच्या गिरणीमालकांनी धोटे बदलले असते तर जात गेली नसती, हे उघड आहे. सबब मात्र गेली असती. सबब गेली की माणसाला खरे कारण उघड्यावर सांगावे लागते, आणि ते पुष्कळदा जड जाते. लँकेशायरमध्ये ती बंदी यायला १९५२ उजाडले. तोवर तिथल्या विणकरांना सांगितले जात होते तेही ‘काळजी घ्या’ एवढेच.

कापसाच्या वाटेवर या शास्त्राचे एक चांगले पानही आहे आणि ते अहमदाबादचे आहे. १९४७ मध्ये तिथे ‘अटिरा’ ही कापड उद्योगाची संशोधन संस्था स्थापन झाली. तिच्यात धागा आणि रंगाच्या प्रयोगशाळांच्या जोडीला मानवी संबंधांचा एक विभाग होता. तो कमला चौधरी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी उभा केला. पुढे १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस हे कॅलिको गिरणीत आले. तिथे नवे स्वयंचलित माग बसवले होते, पण उत्पादन हवे तसे वाढत नव्हते आणि खराब कापडाचे प्रमाणही मोठे होते. नेहमीच्या पठडीतल्या माणसाने कामगारांना आळशी ठरवले असते किंवा प्रशिक्षणाचा वर्ग काढला असता. राइस यांनी शेडमध्ये उभे राहून कोण कोणाबरोबर काम करतो ते पाहिले. २२४ मागांवर बारा प्रकारची कामे करणारे कामगार होते. कोणी धागे जोडतो, कोणी तेल घालतो, कोणी झाडतो. एकाचे काम ११२ मागांवर, दुसऱ्याचे २२४ मागांवर, तिसऱ्याचे त्याहून निराळे. माग थांबला तर तो नक्की कोणाचा, हे कोणालाच सांगता येत नव्हते. राइस यांनी मागांचे लहान गट करून प्रत्येक गट एका टोळीकडे द्यावा असे सुचवले, आणि टोळ्या पाडण्याचे काम कामगारांनी व मुकादमांनी स्वतःच, तेही झपाट्याने, करून टाकले. सुरुवातीचे काही दिवस आकडे खालीवर झाले, मग उत्पादन वाढले आणि खराबा उतरला. तेच माग, तीच माणसे.

या प्रयोगाचे गोडवे व्यवस्थापनाच्या पुस्तकांत फार गायले गेले आहेत, म्हणून हेही सांगायला हवे की १९७० च्या सुमारास एरिक मिलर पुन्हा तिथे गेले तेव्हा काही शेडमध्ये ती घडी मोडलेली होती. बाजाराचा दाब आला, वरून हुकूम येऊ लागले, आणि टोळ्या नावापुरत्या उरल्या. घडी राखणाऱ्यांचे हात निघून गेले की ती टिकत नाही. तरीही राइस यांनी एक गोष्ट दाखवून दिली होती: कामगाराचे वागणे पाहण्याआधी कामाची रचना पाहावी.

हा प्रकाश पडला तो कापसाच्या प्रवासाच्या शेवटच्या टप्प्यावर. सरकी काढून, गाठ बांधून, रेल्वेने जाऊन कापूस गिरणीत पोचला की त्याच्याभोवती मानसशास्त्रज्ञ, डॉक्टर, निरीक्षक, युनियन, कायदा सगळे होते. तो झाडावर असताना त्याच्याभोवती कोण होते? फवारणारा पुरुष, आणि त्याच्यासाठी विहिरीवरून पाणी आणून टाकी भरून देणारी बाई.

कायदा नव्हता असे नाही. तो होता आणि बारीकसारीक होता, हे मला वाचताना कळले आणि मी चकित झालो. १९५८ मध्ये केरळात शंभरावर माणसे विषबाधेने मेली. फॉलिडॉल नावाचे कीटकनाशक आणि धान्याचा माल एकाच जहाजातून गेला होता, विष सांडून पिठात उतरले. त्या प्रकरणाच्या चौकशीतून पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला आणि १९७१ ची नियमावली. नियमावली सांगते, की कीटकनाशक बनवणाऱ्या, वाहून नेणाऱ्या, विकणाऱ्या आणि फवारणाऱ्या माणसाला योग्य संरक्षक कपडे मिळालेच पाहिजेत. ती असेही सांगते, की फवारणीच्या कामावर असलेल्यांची आधी आणि नंतर ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी व्हावी, आणि ऑर्गनोफॉस्फरस गटातली विषे हाताळणाऱ्यांच्या रक्तातले कोलिनेस्टरेज दर महिन्याला मोजावे. दर महिन्याला! २०१७ च्या ऑक्टोबरात, माणसे खाटांवर असताना, ही तपासणी करायची सोय यवतमाळात नव्हती.

नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कारखाना असणार. दार, हजेरीबुक, दवाखाना असलेली जागा. १९८४ मध्ये भोपाळ घडले तेव्हा पुन्हा तसेच झाले. तिथे कीटकनाशकच बनत होते. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात धोकादायक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण घातले गेले, कामगाराला धोक्याची माहिती मागण्याचा हक्क मिळाला. योग्यच झाले. पण तीच बाटली फाटकाबाहेर पडून कृषी सेवा केंद्रातून धुऱ्यावर आली, की तिच्यावरचा कायदा त्या चिकटवलेल्या कागदाएवढा उरतो.

त्या कागदाबद्दलही थोडे. बाटलीवर एक चौकोन टोकावर उभा केलेला असतो. त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. म्हणजे टोक खाली असलेला लाल त्रिकोण. माझ्या पिढीच्या खेड्यातल्या माणसाला हा त्रिकोण दुसऱ्याच कारणाने पाठ आहे. आरोग्य केंद्राच्या भिंतीवरचे ते कुटुंब नियोजनाचे चिन्ह. हिरव्याचा अर्थ तर कोणीही ‘बिनधोक’ असाच लावील. आणि मुळात त्या वस्तूचे आपल्या भाषेतले नाव काय? औषध. ‘औषध मारायला गेलाय’, ‘औषध आणलंय का?’ मीही या लेखात दोनदा तसेच लिहून गेलो आहे. वर्तनशास्त्राचे लोक ज्याला मांडणीचा परिणाम म्हणतात, तो इथे बाटली उघडण्याआधीच होऊन गेलेला असतो.

आता नोझल. आमची थोडी कोरडवाहू जमीन आहे, पऱ्हाटी आणि तूर असते, आणि फवारणी मजुराकडूनच होते. पंपाच्या नळीच्या टोकाला एक बारीक भोकाची तोटी असते. विहिरीच्या पाण्यातला गाळ किंवा भुकटीतली न विरघळलेली कणी तिथे अडकते आणि फवारा तुटतो. मजूर उभा राहतो, तोटी फिरवून काढतो, तोंडाला लावतो आणि जोरात फुंकतो. कधी उलट बाजूने ओढतोही. प्रत्येक माहितीपत्रकात छापलेले असते, तोंडाने फुंकू नका. मुंबईच्या धोट्याबद्दल वाचून मी गावी गेलो आणि हे दृश्य पाहिले, तेव्हा मला काही क्षण बोलता आले नाही. शंभर वर्षांच्या अंतराने कापसाच्या दोन टोकांना दोन माणसे तोंड लावून उभी होती.

मी आमच्या फवारणीवाल्याला विचारले, फुंकतोस कशाला, काडी घालून साफ का करत नाहीस? तो वयाने माझ्याहून लहान, पण या कामात वीस वर्षे मुरलेला. तो म्हणाला, “काडीनं भोक मोठं होते नं भाऊ. मंग औषध लवकर सरते. अन् मंग तुमीच म्हन्ता, एवढ्यात कसं सरलं?”

मी म्हणालो होतो. मागच्याच हंगामात, चार माणसांसमोर.

त्याचे उत्तर मी नंतर तपासून पाहिले. तारेने किंवा काडीने भोक रुंदावते, फवारा जाड होतो, औषध जास्त लागते, हे कृषी अभियांत्रिकीचे पुस्तकही सांगते. तेही काडी घालू नका म्हणते. मऊ ब्रश वापरा म्हणते. ब्रश मी त्याला कधी दिला नव्हता. तो फुंकत होता तो अज्ञानापोटी नव्हे. आमच्या भागात बऱ्याच गावांत फवारणीची मजुरी पंपावर ठरते, जितक्या टाक्या मारल्या तितके पैसे. तोटी तुंबून गेलेली दहा मिनिटे त्याच्या खिशातून जातात. भोक मोठे झाले तर मालक बोलतो. फुंकर मारली तर दोन सेकंदांत काम होते आणि तिची किंमत त्या दिवशी दिसत नाही. अशा हिशेबात माझ्यासारखा बी.ए. झालेला माणूसही फुंकरच मारील.

मास्कचेही असेच. ऑक्टोबरचे ऊन, पऱ्हाटीच्या आत वारा नाही, पाठीवर पंधरा-सोळा लिटरची टाकी, अंगावर प्लास्टिकचा अंगरखा. मी एकदा तो घालून अर्धा तास रिकामा पंप घेऊन चाललो. पुढे काढून ठेवला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने १९८५ मध्ये कीटकनाशकांसाठी आचारसंहिता केली. तिच्यात हे स्वच्छ म्हटले आहे, की ज्या विषांसाठी अंगाला न सोसणारी, महाग किंवा सहज न मिळणारी साधने लागतात, ती उष्ण प्रदेशातल्या लहान शेतकऱ्यांनी आणि मजुरांनी वापरण्याची वेळ आणू नये. म्हणजे मजूर मास्क लावणार नाही हे जगाला ठाऊक होते आणि त्यावरचा उपायही लिहून ठेवलेला होता: त्याच्या हातात ती बाटलीच देऊ नका. २०१७ मध्ये आपण त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग ठळक बातमी म्हणून छापला आणि दुसरा विसरलो.

बाटली न देण्याने काय होते, याचा पुरावा फार लांब नाही. श्रीलंकेने १९९५ मध्ये अतिजहाल वर्गातली कीटकनाशके बंद केली, मोनोक्रोटोफॉस त्यांत होते. १९९८ मध्ये एंडोसल्फानही गेले. पुढच्या दहा वर्षांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. लोकांची दुःखे निम्मी झाली नव्हती, आणि त्यांना कोणी समुपदेशनही करत फिरले नव्हते. क्षणिक उद्रेकात हात जिथे जातो तिथली वस्तू बदलली होती. हा थेलरना नोबेल मिळण्याच्या कितीतरी आधीचा अनुभव आहे आणि माझ्या मते त्यांच्या कोणत्याही उदाहरणापेक्षा मोठा आहे. आत्महत्यांच्या आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात बसून तो वाचताना निराळेच वाटते. आपल्याकडे मोनोक्रोटोफॉसला २००५ मध्ये भाजीपाल्यावर बंदी झाली, कापसावर मुभा राहिली. जणू भाजी खाणारा कोणी आहे, कापसात चालणारा कोणी नाही.

यवतमाळच्या तपास पथकाने मोनोक्रोटोफॉसवर बंदीची शिफारस केली. राज्य सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये यवतमाळसह विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांची विक्री साठ दिवसांसाठी थांबवली. तोवर फवारणीचा हंगाम उतरणीला लागला होता. २०२० मध्ये यवतमाळच्या काही कुटुंबांचे प्रकरण स्वित्झर्लंडला, बाझेलच्या न्यायालयात गेले. तिथल्या सिंजेंटा कंपनीचे एक कीटकनाशक त्यामागे असल्याचे त्यांचे म्हणणे आहे आणि कंपनीला ते मान्य नाही. २०२३ मध्ये केंद्र सरकारने मोनोक्रोटोफॉसचे कापसावर चालणारे द्रावण बंद करण्याचा आदेश काढला, शिल्लक साठा संपवायला मुदत देऊन. सहा वर्षे लागली. पण या सगळ्या काळात जे थोडेफार बदलले ते बाटलीच्या बाजूने बदलले, मजुराच्या मनाच्या बाजूने नव्हे, ही नोंद करून ठेवायला हवी. प्रबोधनाच्या गाड्या अजून फिरतात, दर जुलैत.

यंदा मी फवारणीची मजुरी पंपावर न देता दिवसावर दिली. घरातल्यांना ते पटले नाही. दोन दिवसांचे काम तीन दिवस चालले आणि त्यावरून बोलणीही झाली. त्याशिवाय तालुक्याच्या दुकानात जाऊन सुटे नोझल मागितले. दुकानदाराने मागच्या फळीवरची धूळ बसलेली पेटी काढली. कोणी मागत नाही म्हणाला. दोन नोझल आणि एक जुना दात घासायचा ब्रश मी पंपाच्या पट्ट्याला सुतळीने बांधून ठेवले.

आठवड्याने पाहिले तर पट्ट्यावर एकच नोझल उरले होते. विचारले, तेव्हा तो म्हणाला, तुंबलं म्हणून बदललं भाऊ, फुंकलं नाही. तुंबलेले कुठे आहे म्हटले, तर त्याने सदऱ्याच्या वरच्या खिशात हात घातला आणि ते काढून दाखवले. त्याच खिशात खर्ऱ्याची पन्नी होती.